आपोआप आलेलं दार

यापुढे कुणीही संगणकाच्या कोऱ्या पडद्यापासून नकाशा काढायचा नाही, असा निर्णय बांधकाम कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतला. कोरा पडदा दिसला की माणूस विचार करू लागतो आणि विचारामुळे कामं तुंबतात, असं निदर्शनास आलं होतं. म्हणून साहेबांनी जातीने एक टेम्प्लेट तयार केलं. सॉफ्टवेअरमध्ये ‘नवीन’ दाबायचा अवकाश, की चौकट, शीर्षकाचा रकाना, रेषांची जाडी, सगळं आयतं हजर! रेषा नीट उमटते का, हे बघायला साहेबांनी चौकटीत एक दार काढून पाहिलं. दार झकास उमटलं. त्या आनंदात त्यांनी फाइल सेव्ह केली, लॉक केली आणि स्वतःचा सत्कार करून घेतला.

दार पुसायचं तेवढं राहून गेलं.

कार्यालयात नकाशे काढणाऱ्या आरेखिकेच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं, कारण तिने काढायला घेतलेला नकाशा तिच्या स्वतःच्या घराचा होता. आईसोबत भाड्याच्या खोल्या बदलून बदलून ती मेटाकुटीला आली होती. आता कुठे हक्काचं घर होणार, तर साहेबांचं दार नेमकं न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत! आणि बाहेर काय? बसथांबा.

“साहेब, टेम्प्लेटमध्ये एक दार राहिलंय.”

“राहिलेलं नाही. ठेवलेलं आहे.”

“कशासाठी?”

“ते समितीला विचारा.”

“समितीत कोण आहे?”

“मी.”

तिने दुसऱ्या फाइलीत बिनदाराचा नकाशा काढला. तपासनीसाने तो दोन बोटांत धरून परत केला. “ताई, दार कुठंय?”

“अहो भाऊ, तिथे न्हाणीघर आहे!”

“असेल. मी घर तपासत नाही, टेम्प्लेटशी जुळतंय का तेवढं बघतो.”

मग तिने घरच सरकवून पाहिलं. पण घराचा कोपरा कुठे यायचा, तेही टेम्प्लेटमध्ये पक्कं होतं. न्हाणीघर हलवावं, तर सांडपाण्याची वाहिनी त्याच बाजूला. शेवटी तिने आईला नकाशा दाखवला. आईने चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

“अगं, मी आत अंघोळ करायची की पाहुण्यांचं स्वागत?”

पण मंजुरी हवी होती. घर बांधलं, दारासकट.

शहरभर हेच चाललं होतं. कुणाचं दार वरच्या मजल्यावरून थेट हवेत उघडत होतं, तर शाळेत ते फळ्याच्या मधोमध आलं होतं. तक्रार कुणीच केली नाही. एवढं मोठं कार्यालय सांगतंय म्हणजे काहीतरी शास्त्र असणारच की! हळूहळू लोक त्या दाराला पितळी कड्या लावू लागले. जुन्या घरांतल्यांना उगाच कमीपणा वाटायला लागला. त्यांनी चांगल्या भिंती फोडून दारं बसवून घेतली आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

यथावकाश साहेब निवृत्त झाले आणि टेम्प्लेटची जबाबदारी आरेखिकेवर आली. तिने अधीरपणे फाइलीचं लॉक काढलं, दार निवडलं आणि ‘पुसा’वर बोट ठेवलं. तेवढ्यात तपासनीस खाकरला.

“ताई, पुसा की. पण मग दार असलेली सगळी घरं टेम्प्लेटबाहेर जातील. म्हणजे बेकायदा. नोटिसा काढायला कुठून सुरुवात करू? तुमच्या घरापासून?”

तिचं बोट तसंच राहिलं. मग ते अलगद बाजूला सरकलं. दुसऱ्या दिवशी सुधारित टेम्प्लेट जाहीर झालं. जनतेच्या सोयीचा विचार करून दाराला बेल देण्यात आली होती; जुन्या दारांना ती नंतर बसवून घ्यायची मुभा होती.

घरी आईने न्हाणीघरातून त्या दाराला जाडजूड कपाट लावून टाकलं. तरी बेल वाजतेच.

“कोण आहे?” आई अंगावर पाणी घेता घेता ओरडते.

“कुणी नाही हो काकू. बस आली नाही अजून. बेल दिसली, म्हणून वाजवली.”

हसताय? खुशाल हसा. पण तुमच्या घरी एक कपाट असेल. जड, भिंतीला घट्ट टेकलेलं. ते तिथेच का, असं तुम्ही कधी विचारलं नाही आणि कुणी विचारलं, तर “पहिल्यापासून तिथेच आहे,” म्हणून गप्प केलं असेल. ते जरा सरकवून बघा ना!

नाही सरकवणार. माहीत आहे. मागचं दार पुसावंसं वाटेल आणि घर बेकायदा ठरेल.