फाटकाशी अडलेले बाबा

जावईबापूंनी प्रोजेक्टरच्या पोटातली जळकी मोटर उपटून टेबलावर ठेवली, तशा सासूबाई पदर नाकाला लावून मागे सरकल्या. मोटरला अजून करपट वास येत होता. इतक्या वर्षांनी!

"तारा जळल्या की वास राहतो हो, आई."

"मला सांगू नका. जळली तेव्हा मी समोरच बसले होते."

ही मोटर जळली आणि सासूबाईंच्या जिवाला घोर लागला, तो कायमचा. सासरे लेकीच्या जन्माआधीच गेले. दूरगावी नोकरी लागली म्हणून सकाळी घरातून निघाले आणि तिकडेच तापाने आटोपले. निघायच्या आदल्या दिवशी नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. ते निघायची वेळ झाली तशा सासूबाई आतल्या खोलीचं दार लावून बसल्या, त्या निरोप द्यायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. बाहेर सासऱ्यांचे जिवलग मित्र, फोटोवाले भाऊजी, नवाकोरा कॅमेरा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं टिपलं. सासरे घरातून निघाले, फाटकाशी थांबले, मागे वळले आणि काहीतरी बोलले.

काय बोलले? भाऊजींनी हात वर केले. "वहिनी, कॅमेरा असा खडखडत होता, मला ओ की ठो ऐकू आलं नाही."

मग भाऊजींनी याच मशीनवर फिल्म लावली. सासऱ्यांनी मान वळवायला घेतली आणि नेमकी तेव्हाच मोटर जळली. फिल्म करपली. तेवढा भाग कापून भाऊजींनी जोड दिला, नवी मोटर मिळाली की बसवतो म्हणाले, आणि मोटर मिळायच्या आत तेही गेले. रीळ बाहेर कुणाकडे द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. हरवलं तर? हे रागातच गेले का, एवढंच त्यांना मरण्यापूर्वी कळायला हवं होतं.

जावईबापू लिफ्ट दुरुस्त करायचे. भंगारात निघालेल्या एका लिफ्टची, दरवाजा उघडमीट करणारी छोटी मोटर त्यांनी आणली होती, आणि ती चालवणारा ड्राइव्हसुद्धा. ड्राइव्ह म्हणजे लाल दिव्याची एक डबी. मोटरने किती जोरात फिरायचं, कधी थांबायचं, हे सगळं ती डबी ठरवायची.

"कंपनीचा माल आहे, आई. शंभर जणांचे धक्के खाऊन टिकलाय. तुमची फिल्म म्हणजे किस झाड की पत्ती!"

"तुम्ही आधी चालवून दाखवा, मग फुशारक्या मारा," त्यांची बायको म्हणाली. बाबांना चालता-बोलताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. 

भर दुपारी पडदे ओढले. मशीन घुरघुरलं, भिंत उजळली. दार उघडलं आणि हातात बॅग घेतलेला एक तरुण माणूस बाहेर आला. लेकीपेक्षा वयाने लहान. तिने तोंडावर हात ठेवला.

तो पायऱ्या उतरला, वाटेने फाटकाशी गेला, थबकला. मान वळायला लागली. सासूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या.

खट्!

माणूस पाठमोरा चालत परत निघाला. वाट उलटी तुडवत, पायऱ्या उलट्या चढत थेट दारात गेला. दार त्याच्यावर आपोआप मिटलं. क्षणभर भिंतीवर नुसतं बंद दार. मग ते पुन्हा उघडलं, तो पुन्हा बाहेर आला, फाटकाशी गेला, मान वळवायला लागला. खट्! पुन्हा पाठमोरा घरात.

"अगं बाई!" सासूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अहो, बंद करा ते!" लेक ओरडली.

जावईबापूंनी बटण दाबलं. लाल दिवा विझला, पण मशीन विझेना. ड्राइव्हमध्ये उरलेल्या विजेवर चाकं फिरत राहिली, आणि भिंतीवर उजेड पाडणारा दिवा तर वेगळ्याच वायरवर होता. बंद मशीनमधला माणूस संथपणे फाटकाकडे चालत गेला आणि तिथे गोठून उभा राहिला. फिल्म पुन्हा करपेल म्हणून जावईबापूंनी धावत जाऊन दिव्याची वायर उपटली. खोलीत मिट्ट काळोख झाला. काळोखात कुणीतरी पायाला हळूच वेढे घालतंय असं त्यांना वाटलं आणि एवढा दांडगा गडी "आई गं!" म्हणून टेबलावर चढला.

पडदा सारला तेव्हा कळलं, उलट्या फेऱ्यांत वरच्या चाकावरून सुटलेली फिल्म जमिनीवर साचून त्यांच्या घोट्याभोवती गुंडाळली होती.

"बाबांना जायचंच नाहीये," लेक पांढरीफटक पडून म्हणाली. "फाटकाशी जातात आणि परत फिरतात."

"माझ्यासाठी," सासूबाई पुटपुटल्या. "मी बाहेर आले नाही म्हणून."

पायातली फिल्म सोडवता सोडवता जावईबापूंनी मशीनचं चाक हाताने फिरवून पाहिलं. फाटकाच्या जागी ते किंचित अडत होतं. तिथेच भाऊजींनी दिलेला जाड जोड होता. आणि जावईबापूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिफ्टचा दरवाजा मिटताना मध्ये कुणी आलं, तर दरवाजा काय करतो? गुपचूप मागे जातो, थोडा थांबतो आणि पुन्हा मिटून बघतो. ही अक्कल त्या डबीत त्यांनी स्वतःच्या हाताने घातली होती, आणि काढायला साफ विसरले होते.

आता आली का पंचाईत! समोर दोघी डोळे पुसत होत्या. बोलावं तर सासुरवाडीत अब्रू गेली. गप्प बसावं तर सासरे जन्मभर फाटक ते दार, दार ते फाटक.

"आई," ते खाकरून म्हणाले, "बाबा नाही अडलेत. माझा गाढवपणा अडलाय."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक त्यांच्याकडे अशी बघत राहिली की काळोख बरा होता.

"म्हणजे माझ्या बाबांना तुम्ही लिफ्टच्या दारात चेंगरलेलं गिऱ्हाईक केलंत?"

"मी आत्ता काढतो ती सेटिंग! पण..." त्यांनी जोडावर बोट ठेवलं. "मग मोटर माघार घेणार नाही, आई. जोड अडला तर फिल्म तिथेच टरकन फाटेल. बाबा परत नाही यायचे."

 सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"चालवा."

पडदे पुन्हा ओढले गेले. तो बाहेर आला, पायऱ्या उतरला, फाटकाशी थबकला. जावईबापूंनी डोळे गच्च मिटले. मशीन कण्हलं, भिंत थरथरली, चित्र वाकडं झालं आणि धाडकन सरळ झालं. माणसाने मान वळवली. थेट त्या तिघांकडे बघून तो काहीतरी बोलला, हात हलवला, फाटक उघडलं आणि रस्त्याने निघून गेला. भिंतीवर पांढराशुभ्र उजेड उरला.

"'सुखी राहा' म्हणाले," लेक हुंदका देत म्हणाली. "हो ना गं आई?"

"मला तर 'रुसू नको' वाटलं," जावईबापू एक डोळा उघडून म्हणाले.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. लेक घाबरून जवळ गेली, तर त्या हसत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"'दूध बघ' म्हणाले!"

"काय?"

"अगं, दूध! त्या सकाळी चुलीवर ठेवलं होतं मी. खोलीतून बाहेर आले तोवर सगळं उतू गेलेलं." त्यांनी डोळे पुसले. "हे रागावले की आठ-आठ दिवस तोंड उघडायचे नाहीत गं. दुधाचं सांगितलं, म्हणजे राग गेला होता. फाटकापर्यंत जाईस्तोवर गेला होता बघ!"

लेक आईला बिलगली. जावईबापूंनी हळूच विचारलं, "आई, आता जोड नीट बसलाय. पुन्हा लावू?"

सासूबाई त्या रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नको. जाऊ दे त्यांना. आधीच उशीर झालाय."