बिनघासणीची गॅरंटी

“जे घासते ते झिजते! घासूच नाही दिलं, तं झिजन काय, तुहं कपाळ?”

अमडापूरच्या पुष्पाबाईंनी हे भर चौकात जाहीर केलं, आणि येत्या सोमवारी गावासमोर सिद्ध करून दाखवायचं कबूलही करून टाकलं!

बाईंचं मोटर वायंडिंगचं दुकान. नवरा होता तेव्हा तो तार गुंडाळायचा आणि त्या चुका काढायच्या. तो गेल्यावर दोन्ही कामं त्यांच्याकडेच आली. काय दिवस होते ते! विहिरींवरच्या जळक्या मोटरी ओट्यावर पंगतीला बसल्यासारख्या ओळीनं बसायच्या. पुढे विहिरी आटल्या, मोटरी मुक्या झाल्या, आणि दुकानाच्या पाटीमागे चिमण्यांनी संसार थाटला.

समोर अकीलचं दुकान. आधी बियाण्यांचं होतं. बीटी कपाशीची पाकिटं ज्या फळ्यांवर असायची, तिथेच आता त्यानं टीव्ही मांडून गेम पार्लर काढलं होतं. काय करील बिचारा? गुलाबी बोंडअळीच्या सालानंतर त्याच्याकडे बियाणं घ्यायला कोण जाणार? पाकिटावर म्हशीएवढ्या अक्षरांत ‘अळीपासून संरक्षण’ लिहिलेलं, आणि बाईंच्या चार एकरांत कोणतंही बोंड फोडा, आत अळी! तीही गुलाबी, नव्या नवरीसारखी नटलेली! बाई पाकीट घेऊन भांडायला गेल्या. अकीलनं ते पाकीट उलटं केलं, मागची मुंगीएवढी अक्षरं दाखवली आणि कंपनीच्या साहेबाचा निरोप सांगितला, “माल चांगला होता, मावशी. वापरणाऱ्याची चूक.”

हे वाक्य बाईंच्या टाचेत चार वर्षं सराट्यासारखं रुतून बसलं होतं.

आता नशिबाचा खेळ पाहा! अकीलच्या पार्लरातले रिमोट सहा महिन्यांत बिघडायचे. रिमोटवर अंगठ्यानं फिरवायची एक काडी असते. ती फिरवावी तसा टीव्हीतला गडी चालतो. पण काडी झिजली की हात न लावताही गडी आपला डावीकडे निघाला! पुलावर उभा केला तर सरळ नदीत! गिऱ्हाइकं शिव्या देऊन उठून जायची.

बाईंनी एक रिमोट उघडला. काडीखाली कार्बनची काळी पट्टी, आणि तिच्यावर पत्र्याची जीभ दिवसभर घासत राहिलेली.

“अगं माय! हा तं माहा गुडघाच!” बाई ओरडल्या. चिखलीच्या डॉक्टरांनी त्यांना हेच तर सांगितलं होतं. वाटी घासली!

गुडघ्याचं काही जमेना, पण काडीचं जमलं. गावातल्या उत्तमरावांची विजेवरची स्कूटर बाईंनीच दुरुस्त केली होती. तिच्या मुठीत त्यांनी पाहिलं होतं, एक चुंबक आणि जवळ तीन पायांची चिमुकली चिप. चुंबक सरकलं की चिपला लांबूनच कळतं. शिवाशिव नाही, घासाघीस नाही! बाईंनी काडीच्या बुडाला मोडक्या इअरफोनमधलं चुंबक चिकटवलं आणि बाजूला दोन चिपा बसवल्या, एक आडव्या चालीची, एक उभ्या चालीची.

“याले म्हन्ते हॉल सेन्सर!” बाई म्हणाल्या.

“हॉल?” शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या. “पन तू तं सैपाकघरात बसून केला ना वं!”

ठरलं असं की काडीला हात न लावता गडी तासभर पुलावर उभा राहिला, तर अकीलनं उरलेले अकरा रिमोटही बाईंकडे दुरुस्तीला द्यायचे.

“आन् चालला तं?” उत्तमरावांनी विचारलं.

“तं पाटी उतरवीन, दुकान बंद!” बाईंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘पाच वर्षे गॅरंटी’ लिहिलं आणि तो उलटा करून अकीलच्या नाकासमोर नाचवला. “पाह्य बे, कोरा हाय! माह्या पाकिटाले मागची बाजू नाही!”

सोमवारी नेमका गुडघा भोपळ्यासारखा सुजला! झुंबरबाई धावत आल्या आणि दुसरबीडच्या आरोग्य कॅम्पातून आणलेला गुडघपट्टा त्यांनी बाईंच्या लुगड्याआडून करकचून बांधला.

“यात जडीबुटीच्या गोळ्या हायेत. तासाभरात हरिणीवानी पळशीन!”

पार्लरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. बाई ऐटीत खुर्चीवर बसल्या, रिमोट मांडीवरून गुडघ्याशी टेकवला आणि हात वर केले. गडी पुलावर उभा राहिला. एक, दोन... आणि निघाला डावीकडे! डुबुक!

“मावशी, गडी आंघोळीले गेला!” कोणीतरी ओरडलं.

बाईंनी रिमोट अकीलच्या हातात कोंबला. गडी खांबासारखा उभा! परत स्वतःकडे घेतला. डुबुक!

“त्याले तुमचा धाक वाटते, मावशी,” अकील म्हणाला.

“चूप बस! इथी दुसरं चुंबक हाय कोठीतरी! मोबाइल काढा सारे!”

मोबाइलांचा ढीग बाहेर ओट्यावर पडला. डुबुक! बाहेर कांदेवाल्याचा भोंगा ओरडत होता. बाईंनी तो बंद करवला. डुबुक! मग त्यांना शेजारची पिठाची गिरणी आठवली. “मोटर बंद करा!” गिरणी थांबली तशी अर्धवट दळलेली ज्वारी घेऊन बायका आत घुसल्या, आणि त्यांच्यामागे पिठानं पांढरे झालेले गिरणीवाले वामनराव भुतासारखे उभे राहिले.

“काऊन वो पुष्पाबाई, तुमच्या गड्यापायी गावानं भाकरी खाऊ नाही काय?”

“तासभर थांबा! उपाशी नाही मरत कोनी!”

डुबुक!

आता हसून हसून उत्तमरावांची टोपी पडली. “बाई, सबद म्हंजे सबद. पाटी उतरवा!”

बाईंचा चेहरा उतरला. पाटीवर नवऱ्याच्या हातची अक्षरं होती. पण मान काही खाली गेली नाही! “उतरवतो! माहा सबद हाय, पाकिटावरचा नाही! पाना द्या इकडे!”

अकीलनं पाना दिला. रिमोट टेबलावर ठेवायला हात मोकळा हवा, म्हणून बाईंनी पाना क्षणभर गुडघ्याशी मांडीवर टाकला.

टक्!

बाई उठून उभ्या राहिल्या. पाना खाली पडला नाही. लुगड्यावरून गुडघ्याला लटकत राहिला!

बाईंनी सावकाश मान वळवली. “झुंबरे! जडीबुटी?”

“कॅम्पातल्या सायबानं असंच सांगतलं वं माय!”

पट्टा सोडला. आत बारा चुंबकं! बाईंनी पट्टा रस्त्यापलीकडे पाठवला आणि रिमोट पुन्हा त्याच गुडघ्यावर ठेवला. गडी उभा! गिरणी सुरू झाली, गडी उभा. भोंगा सुरू झाला, गडी उभा. तास उलटला तरी त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही, एखाद्या पुढाऱ्याच्या पुतळ्यासारखा!

अकीलनं घसा खाकरला. “मंग मावशी... माल चांगला होता म्हना की.”

सगळे पुढे वाकले. पुढचं वाक्य कुणाच्या तोंडून निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“हाव! वापरणाऱ्याची चूक!” बाई कडाडल्या. “मी चुकलो, भर चौकात सांगतो! पन ध्यानात ठेव बे अकील, त्या साली माह्या कपाशीले मी काही गुडघपट्टा नव्हता बांधला!”

अकील खाली पाहू लागला. “तेवढं खरं हाय, मावशी,” म्हणाला, आणि फळीवरून अकरा रिमोट काढून त्यानं पिशवीत भरले.

पाटी जागेवर राहिली, चिमण्याही राहिल्या. आता फक्त गॅरंटीचा पुठ्ठा अकीलच्या हाती द्यायचा होता. बाई दारात थबकल्या. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी पुठ्ठा हळूच उलटा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘चुंबकाच्या पट्ट्यापासून दूर ठेवावे.’