आर्डिसनं अख्खी वडी खाल्ली

बुधवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायकांची कॉफी संपत आली होती. आर्डिस टॉर्गर्सननं ताटलीतली शेवटची लिंबाची वडी उचलली आणि सगळ्यांदेखत अख्खी खाऊन टाकली.

टेबलाभोवतीच्या नऊ बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. आमच्या मिनेसोटात शेवटची वडी कुणी खात नाही. एक जण सुरीनं ती अर्धी करते, दुसरी त्या अर्धीची पाव करते, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ताटलीत वाळत पडतो. तो भांडी घासणारीनं नळाखाली सोडून द्यायचा. आर्डिसनं तर बोटांना लागलेली साखरसुद्धा चाटली.

जेवणाच्या कमिटीची व्हर्ना आधी भानावर आली. "बरं आर्डिस, शनिवारी सोल्वाइगबाईंना माती द्यायचीय. नंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड तुझ्याकडे ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे करणार नाही. मला शनिवारी मासे धरायला जायचंय."

आता हे मासे धरायचं प्रकरण एकेचाळीस वर्षं जुनं होतं. मे महिन्यात वॉलआय माशांचा हंगाम उघडतो त्या शनिवारी आमच्याकडचे पुरुष पहाटेच तळ्यावर असतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा मातृदिन असतो आणि घरोघरच्या माता मासे साफ करत असतात. ऑर्व्हिल टॉर्गर्सनची होडी दोघांपुरती. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामाला त्याचा धाकटा भाऊ व्हर्जिल पाहुणा आला, तेव्हा नव्या नवरीनं रीतीप्रमाणे म्हटलं, "भावजी, तुम्ही बसा. मला काय, मी इथलीच." व्हर्जिल रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर बसला, तो बसलाच. खरं तर आर्डिसचा हात पक्का कोळ्याचा. माहेरी बापापेक्षा मोठे मासे ओढायची. पण एकेचाळीस वर्षं ती स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उभी राहून दुसऱ्यांनी धरलेल्या माशांचे खवले काढत होती आणि खिडकीतून दोन भावांना होडीत हसताना पाहत होती. गेल्या वर्षी अकरावा मासा खरवडताना तिनं ठरवलं, की पुढच्या वर्षी होडीत मी असणार.

व्हर्नानं मात्र माशांचं काहीच ऐकलं नाही. तिला फक्त "नाही" ऐकू आलं होतं. गाडीत बसता बसताच ती शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? तिला काहीतरी झालंय. मोठं काहीतरी."

"देवा! अख्खी वडी खाल्लीन गं."

"जिवाची आशा सुटली की माणूस असं करतं."

दुपारी व्हर्नानं खात्री करून घ्यायला दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे सांगितलं, "पेशंटबद्दल मला काही बोलता येणार नाही." संपलं. काही नसतं तर नाही म्हणाले असते, असा गावानं हिशेब केला. संध्याकाळी टॉर्गर्सनांच्या दाराशी पहिली हॉटडिश आली, आमच्याकडे दुखणं आलेल्या घरी नेतात ती: खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर. गुरुवारी दुपारपर्यंत तशा तेरा झाल्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं आणि आणणारी प्रत्येक बाई "सहज, जास्त झाली म्हणून" असं म्हणून डोळे टिपत परत जात होती.

"अगं पण मी ठणठणीत आहे!" आर्डिस पाचवीला म्हणाली.

"हो गं बाई हो," पाचवी म्हणाली आणि तिला मिठी मारली. आमच्याकडे मिठी मारतात म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलेलं असतं.

ऑर्व्हिलला बातमी लागली लोखंडी सामानाच्या दुकानात. तो घरी आला. बायकोला काय झालंय हे विचारायची त्याची हिंमत होईना. त्यानं आधी भांडी विसळली. मग बाहेर जाऊन तिच्या गाडीचं तेल बदललं आणि चारही चाकांची हवा तपासली. आमच्याकडचा पुरुष याहून मोठं प्रेमपत्र लिहीत नाही. आर्डिसनं ते खिडकीतून पाहिलं आणि तिला भरून आलं, पण यानंही गावाचं खरं मानलंय की काय, असा संशयही आला.

शुक्रवारी सकाळी पास्टर क्रिस्टीनबाई आल्या. तिसरी कॉफी संपल्यावर हळूच म्हणाल्या, "आर्डिस, मनात काही इच्छा राहिली असेल तर बोल."

"राहिलीय ना. मला होडीत बसून मासे धरायचेत."

पास्टरबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "स्वर्गाच्या दारावरचा संत पीटरही कोळीच होता," त्या म्हणाल्या.

आर्डिसनं कपाळावर हात मारून घेतला. पण खरा घाव संध्याकाळी बसला. जेवताना, म्हणजे चौथी हॉटडिश उकरताना, ऑर्व्हिलनं जाहीर केलं, "उद्या मी होडी काढत नाहीये. व्हर्जिललाही कळवलंय. मी घरीच थांबणार, तुझ्याजवळ."

"कशाला?"

"असंच."

"ऑर्व्हिल, मला काहीही झालेलं नाही. मला फक्त होडीत बसायचंय."

ऑर्व्हिलनं तिच्या ताटात आणखी एक डाव वाढला. "पाण्यावर गारठा असतो. तुला सोसायचा नाही."

आर्डिसच्या मनात क्षणभर पाप आलं. नुसतं "ही माझी शेवटची इच्छा" म्हटलं की काम झालं असतं; याच माणसानं तिला गोधडीत गुंडाळून उचलून होडीत ठेवलं असतं. पण तसं मिळवलेली जागा तिला नको होती.

"आजारी असते तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "धडधाकट असूनही मला पाहिजे म्हणतेय, हेच तुम्हा कुणाला समजत नाहीये."

"किती धीराची आहेस तू," असं म्हणून ऑर्व्हिल उठला आणि परत चाकांची हवा बघायला गेला.

शनिवारी उजाडायच्या बेताला व्हर्जिलचा ट्रक दाराशी आला. त्याला राहवलं नव्हतं. टोपी हातात घेऊन तो तळ्याच्या धक्क्यावर ऑर्व्हिलसमोर उभा राहिला. "दादा, मी रात्रभर विचार केला. वहिनींची हौस पुरवायची. माझ्या जागी त्यांना ने."

ऑर्व्हिलनं मान हलवली. "माझा रात्रभर डोळा लागला नाही. तूच ने तिला, तू जपून चालवतोस."

"छे छे! नवरा-बायकोनं जावं."

"अरे, पण ती तुझी जागा."

"माझी कसली? होडी तुझी."

"असू दे. तू बस."

"नाही, खरंच नको."

"माझ्यासाठी म्हणून तरी."

तळ्यावर उजाडलं. पलीकडच्या काठावरच्या होड्या केव्हाच निघाल्या होत्या. दोघे भाऊ एकमेकांना आग्रह करण्यात इतके गुंतले, की आर्डिस लाइफ जॅकेट घालून, स्वतःच्या नावाचा परवाना खिशात ठेवून गेली दहा मिनिटं होडीतच बसलीय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. शेवटी तिनं दोर सोडला आणि मोटरची दोरी ओढली.

"सावकाश ठरवा तुम्ही!" ती ओरडली. "मासे काही थांबायचे नाहीत."

साडेअकराला ती परत आली. नाक लाल, केस विस्कटलेले आणि दोरीला परवान्यात बसतात तेवढे सहाच्या सहा वॉलआय. व्हर्जिल त्यातल्या सगळ्यात मोठ्याकडे बघत राहिला. असा मासा त्यानं एकेचाळीस वर्षांत त्या होडीतून काढला नव्हता.

"दादा," तो पुटपुटला, "मरायला टेकलेल्या बाईला हा ओढवायचा नाही."

ऑर्व्हिलनं बायकोकडे पाहिलं. "म्हणजे खरंच काही नाही?"

"तीन दिवस तेच सांगतेय."

ऑर्व्हिलनं होडीचा दोर घेऊन धक्क्याच्या खांबाला बांधला. दोन दिवस छातीवर असलेला दगड उतरला आणि त्याला इतका आनंद झाला, की त्या माणसाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मनातली गोष्ट सरळ बाहेर पडली. "मलाही यायचं होतं गं. मला खूप यायचं होतं."

"मग बोलायचं होतंस."

"उद्या नेशील?"

'तूच जा, मी थांबते,' हे शब्द आर्डिसच्या अगदी जिभेवर आले. तिनं ते गिळले. "नेईन. पण मोटर मी चालवणार."

"चालेल," ऑर्व्हिल म्हणाला आणि चक्क हसला.

व्हर्जिल जरा खाकरला. त्याचा चेहरा पाहून आर्डिसला वाईट वाटलं. "भावजी, तुम्हाला यायचंय का? आपण आळीपाळीनं जाऊ."

व्हर्जिलच्या डोळ्यांत चमक आली. पण जन्माची सवय; तोंडातून निघालं ते असं, "नको नको वहिनी, मी राहीन इथंच..." आणि पुढचा आग्रह ऐकायला तो थांबला.

"बरं," आर्डिस म्हणाली आणि सहाही मासे, सुरीसकट, त्याच्या हातात दिले.