चामोय आणि व्याही

पाहुणे सोफ्यावर बसले होते आणि चामोयची, म्हणजे जर्दाळूच्या आंबट-गोड-तिखट चटणीची, बाटली स्वयंपाकघरात एवारिस्तोच्या हातात होती. रिकामी.

सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकुलत्या एका लेकीला, यादिराला, आज मागणी घालायला येणार! बसवेना, उठवेना, म्हणून त्याने वेफर्सवर थोडी चामोय ओतून घेतली. मग आणखी थोडी. वेफर्स संपल्यावर बोटाने.

"एवारिस्तो, चामोय आण ना!" बाहेरून बायकोने, ओर्तेन्सियाने, हाक मारली. "आंबा-काकडी चिरून ठेवलीय मघाशीच. चामोय माझ्या आईच्या पद्धतीची आहे म्हणून सांगून बसलेय मी!"

"आत्ता आणतो!"

ग्वादालाहारा शहरात 'आत्ता' म्हणजे आज कधीतरी, त्यामुळे थोडी उसंत मिळाली. सासूबाई जर्दाळू सुकवून, शिजवून, मिरची घालून काय काय करायच्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने टोमॅटो सॉस घेतला. रंग येईना म्हणून तिखट घातलं, तिखट वाटलं म्हणून साखर, गोड झालं म्हणून लिंबू, आणि लिंबू पुढे गेलं म्हणून पुन्हा तिखट. चाखूनही पाहिलं, पण अख्खी बाटली रिचवलेल्या जिभेला कसली चव कळतेय! ते सगळं बाटलीत भरून तो बाहेर आला.

बाहेर वातावरण काही ठीक नव्हतं. मुलाची आई नाक वर करून म्हणत होती, "घाई कशाला? पुढच्या वर्षी बघू." यादिराचा चेहरा एवढासा झाला होता. एवारिस्तोने घाईघाईने आंब्याच्या फोडींवर सगळी बाटली उपडी केली.

"तिखट आहे का हो?" मुलाच्या वडिलांनी, सेन्योर बेनिग्नोंनी, विचारलं.

"छे! अजिबात नाही."

ग्वादालाहारात या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. बेनिग्नोंनी मोठी फोड तोंडात टाकली आणि त्यांचे कान लाल झाले. पण होणाऱ्या व्याह्यांसमोर 'झोंबलं' म्हणायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. त्यांनी दुसरी फोड उचलली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काका, रडताय?" यादिरा चपापली.

"तुला पाहिलं आणि... आई आठवली माझी," ते कसेबसे म्हणाले.

झालं! यादिराला हुंदका फुटला. ती रडतेय म्हणून ओर्तेन्सियाही रडायला लागली. नवऱ्याला एवढं काय झालं ते कळेना, म्हणून मुलाच्या आईने एक फोड खाल्ली, आणि क्षणात तिने यादिराला मिठीच मारली.

"डिसेंबरातच... उरकून टाकू," ती नाक पुसत म्हणाली. "पाणी आण गं, पोरी!"

एवारिस्तोला हायसं वाटलं. मग डोळे पुसत ओर्तेन्सियाने एक फोड चाखली आणि सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत राहिला.

"अगदी माझ्या आईच्या हातची," ती दात आवळून म्हणाली.

निघताना बेनिग्नोंनी एवारिस्तोला दारात कडकडून मिठी मारली. सोडेचनात. डोळे अजून लालभडक होते.

"येत्या रविवारी आमच्याकडे यायचं हं, व्याही. आमच्या घरची चामोय चाखायला. तुमच्यासाठी खास वेगळी करायला सांगतो."

एवारिस्तोने मिठीतूनच विचारलं, "फार... तिखट असते का हो?"

"छे, छे!" बेनिग्नो पहिल्यांदाच मनापासून हसले. "अजिबात नाही."