गुंजाळकाकांच्या फिकट नोटिसा

अन्याय झाला तो विठ्ठल गुंजाळ यांच्यावर. गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी, मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, पार्किंगचा विषय संपल्यावर आणि समोसे यायच्या आधी. वेळ मुद्दाम नोंदवतेय, कारण समोसे आल्यानंतर कुणाला काहीच आठवत नव्हतं. मी चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटते. अन्याय कुणावर आणि कधी झाला हे पहिल्याच ओळीत सांगायची मला सवय लागली आहे. शिष्टाचार नंतर बघू.

आरोप असा होता: सेक्रेटरी गुंजाळ सोसायटीच्या लेझर प्रिंटरला ओरिजिनल टोनर घालत नाहीत. कंपॅटिबल घालतात, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला, पण त्याच खाचेत बसणारा स्वस्तातला. त्यामुळे नोटिसा वाचता येत नाहीत इतक्या फिकट निघतात. आणि दुकानदाराकडून गुंजाळांना कमिशन मिळतं.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. नोटिसा फिकट निघतात हेही खरं, पण 'त्यामुळे' हा शब्द खोटा आहे. आणि कमिशनचं म्हणाल, तर ते बोलणाऱ्यानं गुंजाळकाकांकडे चहा प्यायलेला नाही. सकाळच्या चहाची पावडर ते दुपारी पुन्हा उकळतात. कुणी तोंड वाकडं केलं तर गाळणीत डोकावून म्हणतात, "अजून निघतंय त्यात."

हे त्यांचं जीवनविषयक मत आहे. टूथपेस्टची ट्यूब ते कात्रीनं उभी चिरतात. शर्टाच्या खिशाला पेनं लावतात ती सगळी रिफिल बदललेली, एकाचं टोपण दुसऱ्याला. स्पाइन रोडवर भर उन्हात कुणी स्कूटर आडवी करून हलवताना दिसला तर ते गुंजाळकाका समजा.

"काका, पेट्रोल संपलं का?"

"संपलं नाही गं, एका बाजूला बसलंय."

पण खरा सोहळा बघायचा तो टोनरचा. प्रिंटरवर 'टोनर बदला' असा लाल दिवा लागला की काका आधी त्याला दम देतात. "गप बस. काल तर घातलाय." काल म्हणजे दिवाळीत. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "हा दिवा कंपनीचा नोकर आहे, कळलं का? मालकाच्याच बाजूनं बोलणार." मग कार्ट्रिज बाहेर काढून दोन्ही तळहातांवर आडवी घेतात आणि रडकं पोर निजवावं तशी डावीकडे-उजवीकडे हलवतात. हलवून झाली की कानाशी. आत भुकटी सरकल्याचा आवाज आला की चेहरा उजळतो. कार्ट्रिज परत आत, दार खट्‌, आणि पुढचे कित्येक आठवडे ती निमूटपणे छापत राहते. लाल दिवा तेवढा जळत असतो. त्यावर काकांनी कॅलेंडरचा एक कागद चिकटवलाय.

नवी कार्ट्रिज घ्यायचीच वेळ आली तर बसनं आकुर्डीला जातात. ते दिसले की तिथला दुकानदार घाईनं ओरिजिनलचं खोकं पुढे करतो. एकदा मी सोबत होते.

"काका, ओरिजिनल न्या एकदा. डोकं शांत राहील."

"माझं डोकं शांतच आहे. तू आतल्या भुकटीत फरक काय ते सांग."

"ब्रँड असतो ना काका."

"ब्रँड खोक्यावर असतो. खोकं मी फाडून टाकणार. कंपॅटिबल काढ, आणि ती नको, मागची काढ. हिचं चाक घासतंय."

परतताना कार्ट्रिज मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे हो, केक?" काका म्हणाले, "केकपेक्षा महाग होतं, स्वस्त करून आणलंय."

काका मूळचे संगमनेरकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांचा जन्म गेला. तिथेही कंपॅटिबल टोनरसाठी ते खरेदीवाल्या साहेबांशी भांडले होते. साहेब म्हणाले, क्वालिटीत तडजोड नको. त्याच आठवड्यात लाइनवरचे कायम कामगार कमी करून कंत्राटी भरले. काका ही गोष्ट सांगतात आणि शेवटी नाकावरचा चष्मा वर करून म्हणतात, "टोनर ओरिजिनल, माणूस कंपॅटिबल. लिही तुझ्या पत्रकात." मी लिहिलं. आजवर लिहिलेल्यातलं ते एकच वाक्य गेटवर लोकांनी थांबून वाचलं. त्या दिवसापासून काकांनी माझं नावच ठेवलंय, 'आंदोलन'. "ए आंदोलन, ताक पिणार का?"

सोसायटीच्या नोटिसांवर काकांची बचत मोहीम मात्र निर्दय होती. ठळक अक्षरांना बंदी. चौकटीला बंदी. सोसायटीचं बोधचिन्ह म्हणजे एक इमारत आणि दोन नारळाची झाडं होती. आधी झाडं गेली, मग इमारत. गणेशोत्सवाच्या पत्रिकेवरचा गणपती फार टोनर खातो म्हणून काकांनी नुसती रेषा ठेवली.

"काका, बाप्पा ओळखू येत नाहीये," सी विंगमधल्या गायकवाड मावशी म्हणाल्या. मावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. उभ्या आयुष्यात त्यांनी डॉक्टरांचीही भीड ठेवली नाही.

"सोंड दिसतीय ना?"

"सोंड कुठली, मला वाटलं पाण्याच्या पाइपलाइनची नोटीस आहे."

आणि अक्षरं? भाताची पेज पातळ करत न्यावी तशी काकांची छपाई पातळ होत गेली. आधी राखाडी, मग धुरकट. शेवटी तर कागद खिडकीशी तिरका धरला की मजकूर असल्याचा संशय यायचा.

बरं, फलकावर लावून मोकळं व्हावं, तेही नाही. वॉचमनकडे वाटायला द्यावं, तेही नाही. काका स्वतः गठ्ठा काखेत घेऊन घरोघर जायचे, बेल वाजवायचे, कागद हातात द्यायचे आणि उभे राहायचे.

"काका, काय लिहिलंय यात?"

"वाचून दाखवतो." चष्मा बदलायचे, घसा साफ करायचे. "तर, सर्व सभासदांना कळवण्यात येतं की गुरुवारी टाकी धुणार आहेत."

"मग छापता कशाला? तोंडीच सांगत जा की," मावशी एकदा कावल्या.

"तोंडी गोष्टीला पुरावा नसतो, सिस्टर."

"आणि हा पुरावा? हा तर कोरा कागद आहे! या आत, पोहे केलेत. आणि टाकीचं पुन्हा सांगा, मिक्सर चालू होता."

टाकी धुवायची, डास मारायचे, गच्चीवर पापड वाळत घालायचे नियम, ते नियम रद्द केल्याची सूचना. आमच्याइतक्या नोटिसा महापालिकाही काढत नसेल. लोक हसायचे. मीही हसायचे.

मग नवे अध्यक्ष आले, साळुंखे साहेब. चाकणला कुठल्याशा कंपनीत मोठ्या पदावर आहेत, आणि घरी चपला काढतानाही त्यांना सगळं 'प्रोफेशनल' लागतं. त्यांनी ठरवलं: सोसायटीचं ॲप घ्यायचं, कागदी नोटिसा बंद करायच्या, सेक्रेटरी बदलायचा. कारण तयारच होतं. काकांनी वाटलेला प्रत्येक फिकट कागद त्यांनी फाइलला लावून ठेवला होता.

सभेच्या आदल्या दुपारी मी ऑफिसात माझं पत्रक छापायला गेले होते. ऑफिस म्हणजे मीटररूमशेजारची खोली. कागद माझेच होते. काका पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला खाली गेले होते. पत्रकाची पहिली प्रत आली ती भुतासारखी पांढरी. असलं पत्रक गेटवर वाटलं तर कामगार त्यात वडापाव बांधतील. म्हणून मी संगणकावर छपाईची सेटिंग उघडली. तिथे गडदपणा सगळ्यात तळाला ओढलेला होता, आणि शेजारी टोनर वाचवायचा पर्यायही चालू. मी दोन्ही सरळ केले.

दुसरी प्रत आली ती काळीकुट्ट. एकेक अक्षर कोळशानं काढल्यासारखं. तीच ती कंपॅटिबल कार्ट्रिज, तोच झाकलेला लाल दिवा.

काका दारात आले, कागद बघितला आणि खुर्चीवर बसले.

"काका, उद्या हा कागद सभेत दाखवते! टोनरचा काही दोष नाही. कमिशनवाल्यांची तोंडं बंद!"

"मग फिकट कुणी केलं, विचारतील."

"बचतीसाठी केलं म्हणून सांगा."

"बचतीला त्यातलं एक पुरत होतं. मी दोन्ही करून ठेवली." ते प्रिंटरकडे बघत राहिले. "तुझी काकू गेली तेव्हा मी सेक्रेटरी झालो. पहिल्या वर्षी नोटिसा चांगल्या ठसठशीत छापायचो. बेल वाजवली की दार वीतभर उघडायचं. हात बाहेर यायचा, कागद आत जायचा, दार बंद. लोकांचंही बरोबर आहे, कामं असतात. मग एकदा टोनर खरंच संपत आला आणि अक्षर उमटेना. त्या दिवशी प्रत्येक घरात म्हणाले, काका, वाचून दाखवा ना. वाचायला उभा राहिलो की कुणीतरी बसा म्हणायचं."

मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले.

"घरी टीव्ही बोलतो दिवसभर," काका म्हणाले. "पण तो काही विचारत नाही मला."

मग त्यांनी हात पुढे करून मला शपथ घातली ती अशी: "उद्या हा कागद काढायचा नाही. कमिशन खाल्लं म्हणतील, म्हणू दे. पण हे नको."

सभेत साळुंखे साहेबांनी फाइल उघडली आणि एकेक नोटीस उजेडाकडे धरून दाखवली. लोक हसले. "काका, एका कार्ट्रिजमागं किती सुटतात?" असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. त्यावर आणखी हसले. माझ्या पिशवीत तो काळा कागद होता. मी उठलेच होते. काकांनी दोन खुर्च्या पलीकडून नुसती मान हलवली. तेवढ्यात गायकवाड मावशी कडाडल्या, "हा माणूस कमिशन खाणार? हा केळं खाल्लं तर साल परत करून येईल!" पण हशाच पिकला, आणि हशातच सेक्रेटरी बदलायला हात वर गेले. ज्या घरांत काका टाकीची नोटीस वाचत पोहे खात होते, त्या घरांतलेही हात वर गेले. मी बघितलं. काकांनी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. मग समोसे आले.

आता ॲप आहे. रंगीत आहे, टिंग वाजतं. पहिल्याच आठवड्यात पाणी बंद असल्याची सूचना टिंग करून आली आणि कुणी वाचली नाही. अध्यक्षांसकट अख्खी ए विंग डोक्याला साबण लावून बसली. मला आनंद झाला, लपवत नाही.

परवा संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. काका उभे होते. काखेत गठ्ठा नाही, हातात कागद नाही. मी दार उघडून उभी, ते बाहेर उभे. शेवटी म्हणाले, "पाणी येतंय ना तुमच्याकडं?"

"येतंय काका."

"बरं." आणि वळले. मी हाताला धरून आत आणलं.

हे सगळं लिहायची परवानगी मी त्याच वेळी घेतली. एक हट्ट संपला की मी दुसरा धरते, हे त्यांना माहीत आहे. बशीतल्या चहावर फुंकर घालून ते म्हणाले, "लिही. आता सेक्रेटरी नाही मी, माझं काय जाणार? पण जरा फिकट लिही."

माफ करा काका, मला फिकट येत नाही.

तर मागणी. साळुंखे साहेबांकडे आता काही मागायचं नाही, त्यांना ॲपवर कळवू. मागणी तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. तुमच्याही जिन्यात एक माणूस आहे, जो बारीकसारीक कारण काढून तुमची बेल वाजवतो: पार्सल चुकून आमच्याकडे आलं, तुमचा दिवा दिवसा चालू राहिलाय, वर्तमानपत्र आलं का. तुम्ही त्याला हसता. आज संध्याकाळी उठा, चपला घाला आणि त्याची बेल तुम्ही वाजवा. कारण शोधत बसू नका. तो दार उघडेल तेव्हा म्हणा, बसायला आलोय. आणि बसा.