नायरांचा कढीपत्ता

आमच्या सुलभाकाकू झाडांशी हिंदीत बोलतात. तेही आडनावाने हाक मारून. सकाळी गच्चीवरून आवाज येतो, "थापा, मान क्यों टाकी? नायर, तुम बहुत माज करता है!" नवा भाडेकरू दचकतो. मग आम्ही त्याला समजावतो, की थापा म्हणजे मिरची आणि नायर म्हणजे कढीपत्ता.

आमची इमारत वानवडीत, लष्करी हद्दीच्या भिंतीला लागून. अर्धी घरं फौजी कुटुंबांना भाड्याने दिलेली. दोन-तीन वर्षांत बदली येते, ट्रक लागतो, काळ्या पत्र्याच्या पेट्या चढतात. कुंड्या तेवढ्या मागे राहतात. घरची बाई डोळे पुसत आपली कुंडी काकूंच्या हाती देते आणि काकू ती घेता घेता ऐकवतात, "मी काय अनाथाश्रम काढलाय?"

"जीव लावायचा नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवं बिऱ्हाड आलं की जिन्यातच बजावतात. आठवड्याभरात त्याच घरी त्यांची थालीपिठं पोचलेली असतात.

काकू एकट्याच. मुलगा हिंजवडीत, येतो कधीमधी. "लेहहून माणूस लवकर पोचतो," काकू म्हणतात. आम्ही हसतो. त्या हसत नाहीत.

यंदा गच्ची गळू लागली. वॉटरप्रूफिंग ठरलं आणि कुंड्या हलवायला सांगण्याचं पुण्यकर्म सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं.

"काकू, देऊन टाका सगळ्या. नर्सरीवाला न्यायला तयार आहे."

"अहो, लोकांची ठेव आहे ती. परत आले तर काय सांगू?"

"आजवर आलंय का कुणी परत?"

काकूंनी मिरचीचं एक पिकलं पान खुडलं. "बोलवा रविवारी," एवढंच म्हणाल्या. वाद न घालता त्या कबूल झाल्या, हे मला मुळीच आवडलं नाही.

रविवारी टेम्पो फाटकात उभा होता. निम्म्या कुंड्या खाली आल्या होत्या. तेवढ्यात रिक्षातून एक बाई उतरल्या आणि तोडक्यामोडक्या मराठीत विचारू लागल्या, "सुलभाकाकू आहे? मी मिसेस नायर. आमची बदली पुन्हा पुण्याला आली."

कढीपत्ता दारातच होता, त्यांच्या खांद्याला लागेल एवढा. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं आणि रडायलाच लागल्या.

"कुंडी मिळणार नाही," काकू कडक आवाजात म्हणाल्या. "रोज यायचं, पाणी घालायचं, हवी तेवढी पानं न्यायची." बोलताना त्यांनी नायरबाईंचा हात घट्ट धरला होता. घरात जातानाही तो सोडला नाही.

मी टेम्पो परत पाठवला. कुंड्या आता पार्किंगमध्ये आहेत आणि माझी स्कूटर रस्त्यावर उन्हात. आज सकाळी ती काढायला गेलो, तर काकू झारी घेऊन मिरचीपुढे वाकल्या होत्या.

"थापा, देखा ना?" त्या हळूच सांगत होत्या. "लोग वापस आते हैं."