शोभेच्या झुडपांना लोह

डॉक्टरीणबाईंनी सूबीच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली, आतला रंग पाहिला आणि म्हणाल्या, "रक्तात लोह कमी आहे. डोडोची भाजी खायला घाला. रोज." सूबी माझी मुलगी, चार वर्षांची. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिची पापणी ओढून पाहते. खरं तर सकाळीही पाहते. बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या नान्झिरी आजी, आम्हा सगळ्यांच्या जाजा, म्हणाल्या, "सूबीच्या आई, इतकी ओढलीस तर पोरगी झोपेतही टक्क बघत राहील."

डोडोची अडचण नव्हती. माठासारखी ही पालेभाजी बालवाडीच्या मागेच मायंदाळ उगवायची. आम्ही आया सकाळी मुलांना सोडताना मटोकेसाठी, म्हणजे उकडून कुस्करायला, सोललेल्या कच्च्या केळ्यांच्या साली घेऊन जायचो. साली खड्ड्यात कुजायच्या, त्या खतावर वाफे माजायचे आणि दुपारी मुलांच्या ताटात पोशोच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीच्या, पांढऱ्या गोळ्याशेजारी हिरवी भाजी पडायची. ही व्यवस्था कोणाच्याही मंजुरीशिवाय सुरळीत चालली होती. ती टिकणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या आमच्या नगरात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. विषय होता बालकांचं पोषण. पाहुण्यांना गाडीच्या काचेतून हिरवळ दिसावी म्हणून विमानतळाच्या रस्त्यावर दुतर्फा पाम आणि जास्वंदीची झुडपं लावण्याचं ठरलं. झुडपांना कंपोस्ट हवं होतं. सुशोभन अधिकारी श्री. वालुसिंबी ट्रक घेऊन बालवाडीत आले.

"हे खत नगराचं आहे," ते म्हणाले.

"साली तर आमच्या होत्या, साहेब," जाजा म्हणाल्या.

"साली तुमच्या. कुजण्याची प्रक्रिया नगराच्या हद्दीत झाली."

"आणि पोरांच्या भाजीचं काय?"

"आजी, कंपोस्ट शोभेच्या झाडांसाठी असतं. खाण्याच्या पिकाला घालणं म्हणजे अपव्यय. भाजी खाल्ली की संपली. जास्वंद कितीतरी दिवस दिसत राहते."

ट्रक वाफ्यांसकट माती खरवडून घेऊन गेला. साली आणणं मात्र थांबलं नाही, उलट सक्तीचं झालं. भाजी बाजारातून घ्यावी म्हटलं, तर परिषदेच्या मेजवान्यांसाठी हॉटेलवाले ती पहाटेच उचलत होते. मुलांच्या ताटात पोशो उरला, त्याच्या शेजारी पुन्हा पोशो. सूबीची पापणी आतून पोशोच्याच रंगाची दिसू लागली.

मग विमानतळाच्या रस्त्यावर डोडो उगवला. खतात आमच्याच वाफ्यांचं बी होतं, ते जास्वंदीच्या आधी उठलं. मी सूबीला पाठीशी बांधून तिथे गेले आणि मूठभर पानं खुडली. पहारेकऱ्याने हातातली पानं काढून घेतली आणि मला साहेबांपुढे उभं केलं.

"ही भाजी आहे," मी म्हणाले.

"होती," वालुसिंबी म्हणाले. "शोभेच्या वाफ्यात, शोभेच्या खतावर, शोभेच्या निधीतून उगवलेली वनस्पती भाजी कशी असेल? तुम्ही तर शिकलेल्या दिसता."

दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली: 'शोभेची वनस्पती. खाण्यास मनाई.'

पण शोभेलाही दृष्ट लागली. डोडो जोमात आला आणि जास्वंदीची पानं पिवळी पडली. नगरात धावपळ उडाली. मी पुन्हा गेले तेव्हा वालुसिंबी गुडघ्यांवर बसून एकेक पान दोन बोटांत हळुवार उलटून पाहत होते. डॉक्टरीणबाईंचा हातही इतका हलका नव्हता.

"लोह कमी पडलंय," ते काळजीने म्हणाले. "आजच फवारणी करा. एकही झुडूप सुटता कामा नये."

मी सूबीला पुढे केलं आणि तिची पापणी ओढली. "साहेब, हिलाही तेच झालंय."

त्यांनी वाकून पाहिलं. माणूस निष्ठुर नव्हता. "खरंच की," ते म्हणाले. "पण ही आमच्या खात्यात येत नाही."

"मग खात्यात घ्या. शोभेचं झुडूप म्हणून लावून घ्या."

मी हे रागाने बोलले होते. ते विचारात पडले. "उंची बरोबर आहे. फूल येतं का?"

"रिबीन बांधते."

"काही झुडपं मेली आहेत. जागा रिकाम्या दिसतात," ते म्हणाले. "आणखी मुलं मिळतील?"

परिषदेच्या दिवशी बालवाडीची सगळी मुलं मेलेल्या जास्वंदींच्या जागी उभी होती, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल रिबीन, मुलग्यांच्यासुद्धा. झुडपाला जे मिळतं ते सगळं त्यांना मिळेल, असा शब्द साहेबांनी दिला होता आणि तो पाळला. टँकर आला, पाणी मिळालं. लोहाचं मी विचारलं, तेव्हा फवारणी पानांवरच करायची असते असं समजलं.

ऊन चढलं. सूबीने खाली पाहिलं, तिच्या पायाशी डोडो होता. ती वाकली आणि शेळीसारखी दोन पानं तोंडात घातली. पहारेकरी धावला, त्याने बोट घालून पानं बाहेर काढली.

"अरे, आता तर ती झुडूप आहे ना?" जाजा ओरडल्या. "मग खाऊ दे की."

"झुडूप पाला खातं का, जाजा?" त्याने विचारलं. मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला, काचा बंद ठेवून गेला आणि कोणीतरी फोटो काढला.

तो फोटो खूप फिरला. तुमच्याकडेही आला असेल, आणि किती हिरवंगार शहर, असं तुम्हीही म्हणाला असाल. पुन्हा काढून बघा. डावीकडून तिसरी जास्वंद आहे ना, ती जास्वंद नाही.